प्रोटॉन किरणोपचार : पल्ला, मात्रा आणि प्रमाण

कर्करोगाचा रुग्ण आपल्याकडे बहुधा दोन वेळा येतो. पहिल्यांदा निदान झाल्यावर, शस्त्रक्रिया करावी की नाही, 'शेक' घ्यावा की नाही, हे विचारावयास. आणि दुसऱ्यांदा शेक सुरू झाल्यावर, तोंड आले, अन्न उतरत नाही, शौचास साफ होत नाही, अशा तक्रारी घेऊन. गेल्या काही वर्षांत या संभाषणात 'प्रोटॉन' हा एक नवा शब्द आला आहे. चेन्नई येथे २०१९ मध्ये एका खाजगी रुग्णालयाने प्रोटॉन उपचार सुरू केले. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची हॅड्रॉन किरणोपचार सुविधा ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाली आणि त्याच वर्षी तेथे रुग्णांवर उपचारही सुरू झाले. त्यामुळे जो प्रश्न पूर्वी परदेशी जाऊ शकणाऱ्या मोजक्या कुटुंबांपुरता होता, तो आता तालुक्याच्या गावच्या वैद्यालाही विचारला जाऊ लागला आहे.

या उपचाराविषयी आपल्या व्यवसायबंधूंमध्ये दोन टोकाची मते आढळतात. काहींच्या मते हाही शेवटी जाळण्याचाच प्रकार. नाव तेवढे नवे. काहींच्या मते संगणकाने आखलेला उपचार म्हणजे मिलिमीटरचीही चूक होणे नाही. ही दोन्ही मते पुरेशा माहितीअभावी बनलेली आहेत, असे मला वाटते. प्रस्तुत लेखात मला एकच मुद्दा मांडावयाचा आहे. प्रोटॉनचे सारे श्रेष्ठत्व तो कोठे थांबतो यावर अवलंबून आहे. आणि तो रुग्णाच्या शरीरात खरोखर कोठे थांबला, हे त्या शरीरातच पडताळून पाहणे अद्याप नित्याचे झालेले नाही. म्हणून या पडताळणीची जबाबदारी यंत्रापाशी बसलेल्या तज्ज्ञाची जेवढी, तेवढीच उपचारकाळात त्या रुग्णाला औषध देणाऱ्या प्रत्येक वैद्याची आहे.

थांबणारा किरण

नेहमीच्या किरणोपचारात वापरला जाणारा क्ष-किरण शरीरात शिरल्यावर त्वचेखाली थोड्याच अंतरावर सर्वाधिक ऊर्जा देतो, पुढे क्रमाक्रमाने क्षीण होत जातो आणि उरलेला भाग शरीराच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. अर्बुदाच्या अलीकडील आणि पलीकडील निरोगी धातूंनाही त्यामुळे मात्रेचा काही वाटा मिळतोच. प्रोटॉन हा विद्युत्भारित कण आहे. तो शरीरातून जाताना वाटेत थोडी थोडी ऊर्जा देतो, वेग मंदावत जातो तसे हे देणे वाढत जाते, आणि प्रवासाच्या अगदी शेवटी उरलेली ऊर्जा एकदम टाकून तो थांबतो. त्या बिंदूच्या पलीकडे प्रोटॉनची मात्रा जवळजवळ शून्य असते. अखेरच्या या उसळीला 'ब्रॅग शिखर' म्हणतात. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी गेल्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे आल्फा कणांचा अभ्यास करताना ही घटना दाखवून दिली, म्हणून हे नाव.

या गुणाचा उपयोग रोगोपचारासाठी करता येईल, हे रॉबर्ट विल्सन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये 'रेडिऑलॉजी' या नियतकालिकातील लेखात प्रथम सुचविले. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कले येथे पहिल्या रुग्णांवर उपचार झाले. मात्र रुग्णालयातच उभारलेले पहिले केंद्र, लोमा लिंडा येथील, सुरू व्हावयास १९९० साल उजाडले.

प्रोटॉन किती खोल जाईल, म्हणजे त्याचा पल्ला किती, हे त्याला दिलेल्या ऊर्जेवर ठरते. पाण्यात ७० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन सुमारे ४ सेंटिमीटर, १५० चा सुमारे १६ सेंटिमीटर आणि २३० चा सुमारे ३३ सेंटिमीटर जातो. एकाच ऊर्जेचे शिखर अतिशय अरुंद असते, तर अर्बुदाला जाडी असते. म्हणून वेगवेगळ्या ऊर्जांचे झोत थरावर थर रचल्याप्रमाणे दिले जातात. पेन्सिलीएवढा बारीक झोत चुंबकाच्या साहाय्याने फिरवून प्रत्येक थर बिंदूबिंदूने भरून काढण्याची पद्धत स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेने १९९६ मध्ये रुग्णोपचारात आणली. आता बहुतेक नवी केंद्रे हीच पद्धत वापरतात.

पाण्यातील प्रत्यक्ष

सुश्रुताचार्यांनी अग्निकर्म सांगताना प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे भेद सांगून त्यांची लक्षणे दिली आहेत. वैद्याने डोळ्यांनी पाहावे, कानांनी ऐकावे आणि मात्रा योग्य झाली की थांबावे, हा त्यातील आशय आहे. प्रोटॉनच्या बाबतीत ही सोय नाही. किरणोपचारातील मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात; एका किलोग्रॅम धातूने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे मात्रा झाली. एवढ्या मात्रेने पाण्याचे तापमान अवघे ०.०००२४ अंश सेल्सिअसने वाढते. म्हणजे उष्णतेच्या अर्थाने येथे काहीच जळत नाही. रुग्णाला उपचाराच्या क्षणी काही जाणवत नाही आणि चिकित्सकाला काही दिसत नाही. जे घडते ते पेशींच्या अंतरंगात, आणि त्याचे परिणाम दिवसांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी प्रकट होतात. सम्यक् योग झाला की अतियोग, हे लक्षणांवरून कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच येथे आधीची मोजदाद हाच एक आधार आहे.

ही मोजदाद किती काटेकोरपणे होते, हे आपण जाणून घेतले पाहिजे. झोताची मात्रा आयनीकरण कक्ष नावाच्या उपकरणाने, पाण्याने भरलेल्या टाकीत मोजली जाते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची नियमावली आहे. ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२४ मध्ये सुधारण्यात आली. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये केलेल्या शिफारशींनुसार रोज सकाळी, पहिला रुग्ण घेण्यापूर्वी, यंत्राची मात्रा ३ टक्क्यांच्या आत आणि पल्ला १ मिलिमीटरच्या आत अपेक्षेप्रमाणे आहे ना, हे पाहावयाचे असते. शिवाय प्रत्येक रुग्णासाठी आखलेले झोत आधी पाण्यात किंवा पाण्यासमान प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात सोडून त्यांची मात्रा मोजली जाते. औषधाची प्रत्येक पुडी रुग्णाला देण्यापूर्वी तोलून पाहावी, तसा हा प्रकार आहे. या शिस्तीला मनापासून दाद द्यावी लागते.

ही शिस्त किती आवश्यक आहे, हे पनामा देशातील घटनेवरून ध्यानात येईल. तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २०००-२००१ या काळात २८ रुग्णांना ठरविल्यापेक्षा पुष्कळ अधिक मात्रा दिली गेली. ते उपचार प्रोटॉनचे नव्हते, कोबाल्टचे होते. संरक्षक ठोकळ्यांची माहिती संगणकात भरण्याची रीत बदलली गेली आणि संगणकाने उपचाराची वेळ चुकीची, काही बाबतींत जवळजवळ दुप्पट, काढून दिली. हाताने स्वतंत्र हिशेब करून कोणी पडताळा पाहिला असता तर चूक पहिल्याच दिवशी उघड झाली असती. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने या घटनेची चौकशी केली. यंत्राने सांगितले म्हणून ते प्रमाण, असे मानणे किती घातक ठरू शकते, याचे हे जळजळीत उदाहरण आहे.

शरीरातील अनुमान

मात्र पाणी म्हणजे शरीर नव्हे. टाकीतील पाण्यात पल्ला एका मिलिमीटरपर्यंत पडताळता येतो. शरीरात तो पडताळलेला नसून अनुमानिलेला असतो. चरकाचार्यांनी परीक्षेचे आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती असे चार प्रकार सांगितले आहेत. त्या परिभाषेत बोलावयाचे तर पाण्यातील मापन हे प्रत्यक्ष आणि शरीरातील पल्ला हे अनुमान होय. या अनुमानाचा हेतू कोणता, हे पाहू.

उपचार आखण्यापूर्वी रुग्णाचा सी.टी. स्कॅन काढतात. सी.टी. स्कॅन हा क्ष-किरणांचा असतो. कोणता धातू क्ष-किरण किती अडवितो, एवढेच तो सांगतो. त्यावरून तोच धातू प्रोटॉनला किती अडवील, हे कोष्टकाच्या साहाय्याने काढावे लागते. परंतु क्ष-किरण अडणे आणि प्रोटॉन अडणे या दोन भिन्न घटना आहेत. मेद, स्नायू, अस्थी यांची घटकद्रव्ये व्यक्तीव्यक्तीत थोडीफार वेगळी असतात. दातांत भरलेले चांदी-पाऱ्याचे मिश्रण किंवा खुब्यात बसविलेला धातूचा सांधा यांच्यामुळे सी.टी.च्या चित्रात रेघोट्या उमटतात आणि कोष्टकाला दिलेला आकडाच चुकतो. या सर्वांमुळे पल्ल्यात काही टक्क्यांची अनिश्चितता राहते.

ही अनिश्चितता लपविली जात नाही, हे येथे मुद्दाम नमूद करावयास हवे. अनेक केंद्रांत पल्ल्याच्या साडेतीन टक्के अधिक एक ते तीन मिलिमीटर, एवढी राखीव कड अर्बुदाच्या पलीकडे धरली जाते. अर्बुद २० सेंटिमीटर खोल असेल तर साडेतीन टक्के म्हणजे ७ मिलिमीटर आणि वर १ मिलिमीटर, अशी किमान ८ मिलिमीटरची कड झाली. दृष्टिचेतेची जाडी चारेक मिलिमीटरच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे ८ मिलिमीटर किती मोठे अंतर आहे ते कळेल. एवढ्या निरोगी भागाला पूर्ण मात्रा जाणूनबुजून द्यावी लागते. कारण दुसरा पर्याय अधिक वाईट असतो. झोत अलीकडेच थांबला तर अर्बुदाचा पलीकडचा काठ उपचाराविना राहून जावयाचा.

शंकेची किंमत

या अनिश्चिततेमुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली आहे. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. ग्रंथीच्या लगेच मागे गुदाशय असतो. प्रोटॉन ठरल्या जागी थांबतो, हाच जर त्याचा गुण, तर झोत पुढून सोडावा आणि गुदाशयाच्या अलीकडे थांबवावा, हे सरळ दिसते. पण प्रत्यक्षात बहुतेक केंद्रे झोत दोन्ही कुशींतून, खुब्याच्या हाडांमधून सोडतात. पल्ला काही मिलिमीटरने चुकला तर झोताचे टोक, म्हणजे सर्वांत तीव्र भाग, गुदाशयात जाईल, ही भीती त्यामागे आहे. बाजूने सोडलेल्या झोताची कड एवढ्या खोलीवर टोकाच्या कडेपेक्षा बरीच अधिक धूसर असते. तरीही ती पत्करली जाते, कारण ती भरवशाची आहे. ज्या गुणासाठी हे महागडे यंत्र उभारले, तोच गुण गरजेच्या ठिकाणी वापरण्याचे धाडस होत नाही, असा याचा अर्थ होतो.

याच प्रोस्टेटच्या कर्करोगात प्रोटॉन आणि आधुनिक क्ष-किरणोपचार यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. साडेचारशे रुग्णांच्या या चाचणीत आतड्यांच्या तक्रारींच्या दृष्टीने दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून प्रोटॉन निरुपयोगी ठरत नाही. लहान मुलांच्या मेंदूतील व मज्जारज्जूलगतच्या अर्बुदांत, जेथे पलीकडच्या प्रत्येक निरोगी अवयवापुढे सारे आयुष्य पडलेले असते, तेथे त्याची उपयुक्तता तज्ज्ञांत सर्वमान्य आहे. परंतु कागदावरील सुबक आलेख आणि रुग्णाच्या पदरात पडणारा लाभ यांमध्ये अंतर असू शकते, आणि पल्ल्याची शंका हे त्या अंतराचे एक कारण असू शकते, एवढे यावरून घ्यावे.

धूर आणि अग्नी

मग झोत कोठे थांबला हे शरीरातच का पाहू नये? प्रोटॉन थांबतो तो शरीराच्या आतच. बाहेर काही येत नाही. क्ष-किरण पलीकडून बाहेर पडतो, म्हणून त्याला पलीकडे गाठता येते. प्रोटॉनचा गुण तोच येथे अडचण होऊन बसतो. तथापि पर्वतावरील धुरावरून अग्नी ओळखावा, तसे झोताच्या वाटेवर उमटणाऱ्या खुणांवरून त्याचे टोक ओळखण्याचे प्रयत्न गेली तीन दशके चालू आहेत.

पहिली खूण किरणोत्सर्गाची. प्रोटॉन जाताना वाटेतील काही अणुगर्भांशी टक्कर होऊन कार्बन-११, ऑक्सिजन-१५ यांसारखी अल्पायुषी द्रव्ये तयार होतात. त्यांतून बाहेर पडणारे पॉझिट्रॉन पेट स्कॅनने टिपता येतात. जर्मनीतील डार्मस्टाट येथे कार्बन-आयनांच्या उपचारांत १९९७ ते २००८ या काळात ही पद्धत उपचार चालू असतानाच वापरली गेली. तिची मर्यादा अशी की ऑक्सिजन-१५ चे अर्धायुष्य सुमारे दोन मिनिटांचे आणि कार्बन-११ चे सुमारे वीस मिनिटांचे असते. रुग्णाला उठवून दुसऱ्या खोलीत नेईपर्यंत बराचसा ऑक्सिजन-१५ विरून जातो, आणि रक्ताभिसरण उरलेल्या द्रव्यांपैकी काही वाहून नेते. शिवाय ऊर्जा फार कमी झालेला प्रोटॉन ही द्रव्ये निर्माण करू शकत नाही, म्हणून त्यांची खूण खऱ्या टोकाच्या काही मिलिमीटर अलीकडेच संपते. धूर दिसतो, पण तो अग्नीच्या नेमक्या वर नसतो.

दुसरी खूण तत्क्षणीच्या गॅमा किरणांची. टक्कर होताच अणुगर्भ क्षुब्ध होतो आणि सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आसपास गॅमा किरण सोडून शांत होतो. कार्बनचा गॅमा ४.४४ आणि ऑक्सिजनचा ६.१३ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे प्रत्येकाची ओळख पटण्याजोगी. हे किरण रक्ताबरोबर वाहून जात नाहीत आणि त्यांची वाटही पाहावी लागत नाही. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे २०१५ मध्ये डोके व मानेच्या अर्बुदाच्या रुग्णात, उपचार चालू असताना, विशिष्ट फटीच्या कॅमेऱ्याने या किरणांवरून पल्ल्यातील फरक प्रथमच टिपण्यात आला. माझ्या मते सर्वांत आशादायक वाट ही आहे.

तिसरी खूण ध्वनीची. झोताच्या टोकाशी होणाऱ्या सूक्ष्म उष्णतेमुळे दाबलहर उठते. जपानमधील त्सुकुबा येथे १९९५ मध्ये रुग्णाच्या शरीरातून असा ध्वनी टिपल्याची नोंद आहे. चौथी खूण उशिरा दिसणारी. पाठीच्या कण्याला शेक दिल्यावर मणक्यांतील रक्तोत्पादक मज्जेची जागा मेद घेतो आणि एम.आर.आय.मध्ये झोत कोठवर पोचला होता त्याची जणू रेघच उमटते. खूण अतिशय स्पष्ट असते, पण ती दिसते तेव्हा त्या रुग्णासाठी फार काही करता येत नाही. पुढील रुग्णाची आखणी मात्र सुधारता येते.

या साऱ्या पद्धती अनुमानाच्याच आहेत, हे ध्यानात येईल. पण सी.टी.वरून केलेले अनुमान उपचारापूर्वीचे असते आणि ही अनुमाने उपचार घडत असतानाची किंवा घडून गेल्यावरची असतात. भिन्न हेतूंनी केलेली दोन अनुमाने एकाच निष्कर्षाशी आली तर तो निष्कर्ष दृढ होतो. अशा अनेक कारणांचा मेळ घालून निर्णय करणे यालाच आपण युक्ती म्हणतो. आजमितीस जगातील बहुसंख्य प्रोटॉन रुग्णांच्या बाबतीत हे दुसरे अनुमान केलेच जात नाही. त्याला यंत्रांची किंमत, लागणारा वेळ आणि मिलिमीटरच्या पातळीवर अर्थ लावण्याची अडचण ही कारणे आहेत. ती खरी आहेत. पण ती कायमची मानू नयेत.

भौतिक पल्ला पूर्णपणे पडताळला तरी प्रश्न संपत नाही. प्रोटॉनचा जैविक परिणाम क्ष-किरणाच्या १.१ पट धरून मात्रा लिहिण्याची जगभर पद्धत आहे. वस्तुतः झोताच्या अखेरच्या भागात हे गुणोत्तर वाढते, हे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे झोताचे टोक ज्या निरोगी भागात पडेल, तेथे आकड्यापेक्षा अधिक परिणाम होण्याचा संभव असतो. टोक कोठे आहे हे जाणण्याचे महत्त्व त्यामुळे वाढते.

आपला संबंध

येथवर वाचून कोणी म्हणेल, हा सारा भौतिकशास्त्रज्ञांचा प्रांत. त्यात वैद्यांचे काय काम? माझे उत्तर असे, की पल्ला ठरतो तो वाटेतील पदार्थांवर, आणि उपचाराच्या सहा-सात आठवड्यांत वाटेतील पदार्थ बदलण्याचे सामर्थ्य आपल्या चिकित्सेत आहे. आखणी झाली त्या दिवशीचे शरीर आणि तिसाव्या दिवशीचे शरीर एकच असेल, हे गृहीत धरून सारा हिशेब मांडलेला असतो.

गळ्याच्या कर्करोगाचा रुग्ण तोंड आल्यामुळे जेवू शकत नाही आणि कृश होतो. मानेची जाडी झोताच्या वाटेवर ५ मिलिमीटरने कमी झाली तर झोत साधारण तेवढाच पुढे, कदाचित मज्जारज्जूच्या दिशेने, सरकतो. अशा रुग्णाला लंघन सांगणे म्हणजे नकळत त्याच्या उपचाराची आखणी बदलणे होय. कटिभागावर शेक चालू असलेल्या रुग्णाच्या आतड्यातील वायू हाही असाच मुद्दा आहे. जेथे धातू होता तेथे एक सेंटिमीटर वायू आला, तर झोत जवळजवळ एक सेंटिमीटर पुढे जातो. त्यामुळे रोज मूत्राशय ठरावीक प्रमाणात भरलेले आणि गुदाशय रिकामे असावे, अशी सूचना रुग्णालय देते. त्याच रुग्णाला आपण परस्पर विरेचन किंवा बस्ती दिली, तर ती सूचना आपणच मोडीत काढतो. नाकाच्या मागील पोकळ्यांतील अर्बुदात पोकळी हवेने भरलेली आहे की कफाने, यावर पल्ला पालटतो. नस्याने तेथील स्राव हलला तर आखणी चुकू शकते. जलोदरातील पाणी कमी-जास्त होणे, सूज ओसरणे, यांचाही परिणाम तसाच. त्वचेवर जाड लेप ठेवून रुग्ण यंत्राखाली गेला, तर लेपाच्या जाडीच्या जवळपास पल्ला अलीकडे येतो. फुप्फुसातील अर्बुद आकसणे ही आनंदाची गोष्ट, पण तेथेही धोका आहे. फुप्फुसाची घनता पाण्याच्या साधारण चतुर्थांश ते तृतीयांश असल्याने, अर्बुद १ सेंटिमीटरने आकसले तर झोत फुप्फुसात ३ ते ४ सेंटिमीटर पुढे जाऊ शकतो.

क्ष-किरणोपचारातही या बदलांचे महत्त्व असते, पण तेथे त्यांनी मात्रेत थोडा फरक पडतो. प्रोटॉनच्या बाबतीत मात्र झोताचे टोकच हलते. नेमकेपणा जितका अधिक, तितकी किरकोळ बदलाची किंमत अधिक. म्हणून चांगली केंद्रे उपचार चालू असताना मधून मधून पुन्हा सी.टी. काढतात आणि गरज भासल्यास आखणी नव्याने करतात. पण त्यासाठी बदल झाला आहे हे कोणीतरी त्यांना सांगावयास हवे. रुग्णाला खारघरला डॉक्टरांसमोर मोजकी मिनिटे मिळतात. आपल्यासमोर तो अर्धा तास बसतो. त्याचा सैल झालेला कमरपट्टा, बसलेले गाल, चार दिवसांचा मलावष्टंभ हे आपल्याला आधी दिसते. हे दिसूनही आपण गप्प राहिलो, किंवा आपल्या औषधाचा उल्लेख 'तिकडे करू नका' असे रुग्णाला सांगितले, तर पडताळणीच्या साखळीतील एक कडी आपणच तोडतो. 'मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर रागावतात, म्हणून आमचे औषध चालू असल्याचे सांगत नाही,' असे रुग्णाचे नातेवाईक अनेकदा बोलून दाखवितात. त्या रागाला काही प्रमाणात आपल्या व्यवसायातील अघळपघळपणा कारणीभूत आहे आणि काही प्रमाणात त्यांची उपेक्षावृत्तीही. दोहोंचा भुर्दंड रुग्णाला पडतो.

काय करावे

यास्तव काही गोष्टी नम्रपणे सुचवाव्याशा वाटतात. प्रोटॉन किंवा अन्य कोणताही किरणोपचार चालू असलेल्या रुग्णाचे वजन दर आठवड्यास नोंदवावे आणि त्यात घट दिसली की त्याला ताबडतोब किरणोपचार विभागास कळविण्यास सांगावे. पंचकर्मातील कोणतेही कर्म उपचारकाळात विभागाच्या लेखी संमतीविना करू नये. लेप, तेल, घृत यांपैकी काहीही उपचाराच्या भागावर लावावयाचे असेल तर विभागास विचारून, आणि यंत्राखाली जाण्यापूर्वी पूर्ण पुसून. पोटात देत असलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व मात्रा मराठीत किंवा इंग्रजीत, वाचता येईल अशा अक्षरात, कागदावर लिहून रुग्णाजवळ द्यावी. दातांतील भरण, शरीरातील धातूचे सांधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया यांची माहिती आखणीच्या आधीच सांगण्यास रुग्णाला बजावावे.

दुसऱ्या बाजूकडेही काही मागणे आहे. प्रोटॉन केंद्रांनी रुग्णाला मराठीत, सोप्या शब्दांत, 'शरीरात हे बदल झाले तर आम्हाला लगेच सांगा' अशी पत्रिका द्यावी. आपल्याकडे पल्ला आणि मात्रा यांची पडताळणी कशी होते, आखणी किती रुग्णांत मध्येच बदलावी लागली, याचे आकडे त्यांनी प्रसिद्ध करावेत. नियमन करणाऱ्या अणुऊर्जा नियामक परिषदेची तपासणी आवश्यक आहेच. पण ती यंत्राची असते. रुग्णाच्या शरीरातील झोताचा पडताळा हा पुढचा टप्पा आहे, आणि भाभा अणु संशोधन केंद्रासारखी संस्था जवळच असलेल्या मुंबई परिसराने त्यात मागे राहण्याचे कारण नाही. तत्क्षणीच्या गॅमा किरणांवरील काम येथे व्हावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी वर्षातून एक व्याख्यान वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचे ठेवावे. आपली चिकित्सा श्रेष्ठ की त्यांची, हा वाद त्या दिवशी बाजूला ठेवावा. शरीरातील ज्या गोष्टीची त्यांना खात्री नाही, ती त्यांनी आठ मिलिमीटरच्या रूपाने आखणीत उघडपणे मांडली आहे. आपणही आपल्या औषधाने रुग्णाच्या शरीरात त्या काळात काय बदलते, याची तेवढीच उघड नोंद ठेवली, तर दोघांच्याही उपचारांखाली असलेल्या त्या एका रुग्णाचे त्यात हित आहे.